आग लागली तर काय करायचं, हे नववीतच शिकवा

पालकहो, शिक्षकहो, संस्थाचालकहो,

जूनमध्ये शाळा उघडतील. त्याआधी वेळापत्रकं ठरतील, तासांची वाटणी होईल, सहलीच्या आणि स्नेहसंमेलनाच्या तारखांचाही अंदाज बांधला जाईल. हे सगळं कागदावर पक्कं होण्याआधी एका शिक्षणासाठी जागा मागायला हे लिहितो आहे. आग, धूर, गॅसगळती, भाजणं, बुडणं, भूकंप अशा प्रसंगी पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हे नववीतल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला यायला हवं. ते त्यांच्याकडून मैदानावर, हातांनी करून घेतलेलं असावं. निबंध आणि पोस्टर स्पर्धा अनेक शाळांत होतात. त्या होऊ द्यात, पण त्यांतून हे येत नाही.

नववीच का, असं कुणी विचारेल. दुपारी बारा ते पाच या वेळात आपल्या शहरांतल्या आणि गावांतल्या घरांत कोण असतं ते आठवून पाहा. आईवडील कामावर किंवा शेतात. घरात आजी, धाकटं भावंड आणि सकाळच्या शाळेतून परतलेला चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. गॅस तीच पेटवते, गिझर तीच चालू करते, आजीला औषध तीच देते. त्या वेळी त्या घरात काही पेटलं तर धावून जाण्याइतकं बळ आणि समज असलेलं माणूस तेच असतं. आपण त्या मुलावर घर सोपवून गेलो आहोत, पण घर पेटलं तर काय करायचं हे त्याला सांगितलेलं नाही. चौदाव्या वर्षी अंगात आग विझवण्याचं सिलिंडर पेलण्याची ताकद आलेली असते, सूचना ध्यानात राहतात आणि दहावीच्या परीक्षेचं ओझं अजून डोक्यावर आलेलं नसतं. म्हणून नववी.

शाळेत शिकवलेलं अशा वेळी खरंच आठवतं का, याचं उत्तर मुंबईतच मिळालेलं आहे. २२ ऑगस्ट २०१८ ला, बकरी ईदच्या सकाळी, परळच्या क्रिस्टल टॉवर या इमारतीत बाराव्या मजल्यावर आग लागली. धूर जिन्यातून वर चढला. सोळाव्या मजल्यावर राहणारी एक मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. आगीत सापडल्यावर काय करायचं हे तिला तिसरीत असताना शाळेत शिकवलं होतं. तिनं सुती कपड्याचे तुकडे केले, पाण्यात भिजवले आणि घरच्यांना, शेजाऱ्यांना नाकातोंडावर धरायला दिले. मोठी माणसं घाबरून सैरभैर झाली असताना या मुलीनं त्यांना एकत्र ठेवलं. अग्निशमन दलाचे जवान पोचेपर्यंत तिच्याबरोबरची सतरा माणसं तग धरून राहिली. त्या इमारतीत त्या दिवशी चार जणांचा जीव गेला. या मुलीला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला आणि तिचं कौतुक सगळीकडे झालं. कौतुकाच्या बातम्यांत एक गोष्ट मागे पडली : ती काय करायचं ते शिकलेली होती. धाडस सगळ्यांनाच जमेल असं नाही, पण शिकणं सगळ्यांना जमतं. त्या दिवसानंतर राज्यातल्या प्रत्येक शाळेनं तो धडा आपल्याकडे सुरू करायला हवा होता.

आग वाढण्याचा वेग घरात बसून कल्पनेत येत नाही. पूर्वीच्या घरात लाकूड, सुती कापड, पितळी भांडी असत. आता फोमचा सोफा, सिंथेटिक पडदे, प्लास्टिकच्या खुर्च्या, फ्लेक्सचं छत, थर्माकोलची सजावट असते. यातलं काहीही पेटलं की खोली काही मिनिटांत काळ्या, विषारी धुरानं भरते. ज्वाळा पोचण्याआधीच माणूस धुरानं कोसळतो. जळणाऱ्या वस्तूंतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो आणि माणसाला आपण गुंगतो आहोत हेही कळत नाही. झोपेत असलेल्यांना तर जागच येत नाही.

बंब यायला वेळ लागतो आणि तो दोष जवानांचा नाही. पुण्याच्या पेठांतल्या बोळात, गिरगावच्या वाडीत, भिवंडीच्या यंत्रमागांच्या गल्लीत, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या रस्त्यावर बंब शिरायचा कसा? आणि ही झाली शहराची गोष्ट. बहुतेक खेड्यांत अग्निशमन केंद्रच नाही. कडब्याची गंजी पेटली, गोठ्याला आग लागली, विजेच्या तारांच्या ठिणगीनं उसाचा फड पेटला, तर तालुक्याच्या नगरपरिषदेचा किंवा जवळच्या साखर कारखान्याचा बंब बोलवावा लागतो. तो येईपर्यंत गंजीची राख झालेली असते. ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोप्या तर काही क्षणांत जातात, आणि आईबाप फडात असताना आत लहान मुलं असतात. अशा ठिकाणी पहिली पाच मिनिटं जो हजर असेल त्याचीच. तो बहुधा शाळेत जाणारा मुलगा असतो.

आता शिकवायचं काय ते सांगतो, कारण ‘जागरूकता’ या मोघम शब्दाखाली काहीही उरकता येतं.

सगळ्यात आधी, बाहेर पडणं. आग दिसली की आरडाओरडा करून सगळ्यांना सावध करायचं, लहानांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन निघायचं, निघताना दार ओढून घ्यायचं. बंद दार आगीला आणि धुराला बराच वेळ अडवतं, साधं लाकडी दारसुद्धा. दप्तर, मोबाइल, दागिने यांसाठी माघारी फिरायचं नाही. लिफ्टला हात लावायचा नाही, कारण वीज गेली की ती मधेच अडकते आणि तिची पोकळी धुराचं धुराडं होते. धूर असेल तर जमिनीलगत रांगायचं, कारण गरम धूर वर चढतो आणि त्यातल्या त्यात बरी हवा खाली राहते. ओलं कापड नाकाला धरल्यानं काजळी आणि चुरचुर कमी होते, पण कार्बन मोनॉक्साईड त्यानं अडत नाही. म्हणून कापड धरून धुरात शिरायचं नाही, ते बाहेर निघताना वापरायचं. दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू लावून ते गरम आहे का पाहायचं. गरम असेल तर उघडायचं नाही, फटीत ओले कपडे कोंबायचे, खिडकीशी जाऊन रंगीत कापड हलवायचं, फोन करायचा. हे वाचायला एक मिनिट लागतं. डोळ्यांवर पट्टी बांधून वर्गातून रांगत बाहेर पडायला मुलांना दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं मुलं जन्मभर विसरत नाहीत.

मग स्वयंपाकघर. कढईतलं तेल पेटलं की आपला हात पाण्याकडे जातो आणि तिथंच घात होतो. उकळत्या तेलात पडलेलं पाणी क्षणात वाफ होऊन उसळतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. करायचं ते सोपं आहे : शेगडी बंद करायची, कढईवर झाकण किंवा मोठी ताटली बाजूनं सरकवून ठेवायची आणि ती गार होईपर्यंत उघडायची नाही. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, दोन्हींत ठिणगी असते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं तो जमिनीशी साचतो. रेग्युलेटर बंद करायचा, दारंखिडक्या उघडायच्या, बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करायचा. विजेच्या वस्तूला आग लागली तर आधी मेन स्विच. आपल्या घरातला मेन स्विच कुठं आहे, तो कुठल्या बाजूला ओढला की बंद होतो, हे किती मुलांना ठाऊक आहे, ते वर्गात हात वर करायला सांगून एकदा पाहाच. मला हा प्रश्न मोठ्यांच्या सभेतही विचारावासा वाटतो.

अंगावरच्या ओढणीनं, साडीच्या पदरानं पेट घेतला तर पळायचं नाही. पळाल्यानं वारा लागून भडका वाढतो. थांबायचं, जमिनीवर पडायचं, लोळायचं. दुसऱ्यानं वरून गोधडी, सतरंजी, पोतं, जे जाडजूड सुती मिळेल ते टाकायचं. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडायचं. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बर्फ यांतलं काहीही नको. चिकटलेला कपडा ओढून काढायचा नाही. आपल्या घरांत भाजल्यावर काय लावावं याचे जितके उपाय चालतात, ते बहुतेक सगळे जखम बिघडवणारे आहेत, आणि ते थांबवण्याचं काम शाळकरी पोरगीच करू शकेल, कारण ती आजीला सांगेल, आमच्या बाईंनी असं सांगितलंय.

आग विझवण्याचं भिंतीवरचं लाल सिलिंडर हा पुढचा भाग. सोसायटीत, शाळेत, बँकेत ते टांगलेलं असतं आणि शेजारून आयुष्यभर जाणाऱ्या माणसांनी ते कधी हातात घेतलेलं नसतं. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा, डावीउजवीकडे झाडल्यासारखी फिरवायची. साधं सिलिंडर दाबून धरलं तर काही सेकंदांतच रिकामं होतं, म्हणून वर उडणाऱ्या ज्वाळांवर मारलं की फुकट जातं. पाठ नेहमी बाहेरच्या दाराकडे असावी. आग कचऱ्याच्या टोपलीएवढी असेपर्यंतच हा प्रयत्न. ती माणसाच्या उंचीची झाली, धूर छताशी साचू लागला, किंवा पहिल्या फवाऱ्यात विझली नाही, तर सिलिंडर टाकून बाहेर. या एका मर्यादेवर प्रशिक्षकानं सगळ्यात जास्त वेळ घालवावा, कारण अर्धवट शिकलेला मुलगा न शिकलेल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो.

यासाठी पैसा कुठून आणायचा, असं संस्थाचालक म्हणतील. सिलिंडर ठरावीक काळानं रिकामं करून पुन्हा भरावंच लागतं. ते काम ठेकेदाराच्या गोदामात होण्याऐवजी शाळेच्या मैदानावर होऊ द्या. पत्र्याच्या तगारीत थोडं इंधन पेटवून, अग्निशमन जवानांच्या देखरेखीखाली, भरण्यासाठी निघालेली सिलिंडरं मुलांनाच वापरू द्या. परिसरातल्या सोसायट्यांनी, बँकांनी, दुकानदारांनी आपली सिलिंडरं भरायला पाठवण्याच्या आदल्या दिवशी शाळेत पोचवली तर वर्गातल्या निम्म्या मुलांच्या हातांना तो झटका, तो आवाज, तो पांढरा लोट ओळखीचा होईल. याला वेगळा खर्च येत नाही. लागतो तो एक फोन आणि थोडी आखणी.

आगीपलीकडचंही थोडं शिकवायला हवं, आणि तेही आपल्या मुलुखात जे घडतं ते. दर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात विहिरीत, धरणात, शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि कितीतरी बातम्यांत एकाला वाचवायला उडी घेतलेला दुसराही गेलेला असतो. शेततळ्याचं प्लास्टिक ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही, पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. पाण्यात उतरायचं नाही, काठावरून दोर, साडी, बांबू, रिकामा बंद कॅन फेकायचा, हे वाक्य गावोगावच्या नववीच्या मुलांच्या अंगात मुरलं तर एका घरातले दोन मृत्यू टळतील. प्रत्येक शेततळ्याकाठी एक दोर आणि एक रिकामा कॅन बांधून ठेवणं हे तर ग्रामपंचायतीनं आजही करावं.

आणि छातीवर दाब देणं, म्हणजे सीपीआर. हृदय थांबल्यावर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. १०८ ची रुग्णवाहिका निघाली तरी तेवढ्यात पोचेलच असं नाही. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाचेक सेंटिमीटर खोल दाबत राहणं चौदा वर्षांच्या मुलाला जमतं. डेन्मार्कनं २००५ मध्ये हे शाळांत सक्तीचं केलं. तिथं रस्त्यावर, घरात हृदय थांबलेल्या माणसाला जवळच्यांनी सीपीआर देण्याचं प्रमाण २००१ मध्ये पाचातल्या एकाला असं होतं, ते २०१० पर्यंत दुपटीवर गेलं. त्यामागे शाळांखेरीज इतरही प्रयत्न होते. जागतिक आरोग्य संघटनेनंही बारा वर्षांपासूनच्या मुलांना वर्षाला दोन तास हे शिकवण्याच्या कल्पनेला २०१५ मध्ये पाठिंबा दिला आहे. दोन तास. आपण वर्षभरात किती तास कशाकशात घालवतो.

मुलं हे करू शकतील का, या शंकेला जपाननं दिलेलं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा कामाइशी या किनाऱ्यावरच्या शहरात, शाळेतली ध्वनिक्षेपण यंत्रणा बंद पडलेली होती. सूचनेची वाट न पाहता माध्यमिक शाळेतली मुलं उंचावर धावत सुटली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुलंही निघाली. ठरलेल्या ठिकाणी पोचल्यावर तीही जागा पुरेशी सुरक्षित वाटेना, तेव्हा मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरून आणखी वरची वाट धरली. त्सुनामीनं दोन्ही शाळा गिळल्या. त्या दिवशी शाळेत असलेली ती शेकडो मुलं वाचली. आपत्तीतज्ज्ञ प्राध्यापक काताडा आणि तिथले शिक्षक काही वर्षं त्यांच्याकडून याची तयारी करून घेत होते. धोक्याच्या जागा दाखवणाऱ्या नकाशावर विसंबू नका, जमेल ते सगळं करा, सगळ्यात आधी निघणारे तुम्ही व्हा, अशी ती शिकवण होती. आपल्याकडे भूकंपानं हादरलेलं किल्लारी आहे, कोयना आहे, दरडींखाली गेलेली माळीण आणि इर्शाळवाडी आहे, २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर आहे. दरडीखालच्या वाडीतल्या मुलाला जमिनीला पडलेली भेग, झऱ्याचं अचानक गढूळ झालेलं पाणी, वाकू लागलेली झाडं यांचा अर्थ कळायला हवा, आणि तो गावात ओरडून सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे असं त्याला वाटायला हवं.

आता एक इशारा, तो मनापासून देतो. मुलांना शिकवणं हा मोठ्यांच्या बेपर्वाईला पर्याय नाही. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं जळून गेली. छत गवताचं होतं, स्वयंपाक शेजारीच होत होता, वाट अरुंद होती. २४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावरच्या क्लासमधले २२ विद्यार्थी गेले. जिना लाकडी होता, तोच पेटला, मुलांनी खिडक्यांतून उड्या मारल्या आणि ते दृश्य सगळ्या देशानं मोबाइलवर पाहिलं. त्या मुलांना कितीही शिकवलं असतं तरी जिना कुठून आणला असता? तेव्हा ज्यांनी इमारत सुरक्षित ठेवायची त्यांनी ती ठेवलीच पाहिजे. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, ज्याला फॉर्म बी म्हणतात, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. पालकहो, प्रवेश घेताना शाळेचा आणि क्लासचाही फॉर्म बी मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर कारण विचारा. कुंभकोणमनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये निकाल दिला की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेत शिकण्याचा हक्क येतोच. शाळांत अग्निशामक साधनं असावीत, शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना ती वापरण्याचं आणि मुलांना बाहेर काढण्याचं प्रशिक्षण असावं, असंही त्यात सांगितलं आहे. त्यामुळे आपण मागतो आहोत ते दयेचं दान नाही.

काही पालक म्हणतील, आमचं पोरगं आगीत उडी घेईल. या शिक्षणाचा मोठा भाग उडी न घेण्याचाच आहे. टोपलीपेक्षा मोठी आग विझवायला एकही मूल पाठवायचं नाही, हा नियम पहिल्या तासाला आणि शेवटच्या तासाला सांगावा. ज्यांना काहीच शिकवलेलं नसतं तीच मुलं मित्रासाठी विहिरीत उतरतात, पेटत्या तेलावर पाणी ओततात. काही शिक्षक म्हणतील, आधीच कामांचा ढीग आहे. ते खरं आहे, मी ते नाकारत नाही. म्हणूनच हा भार एकट्या शिक्षकांवर टाकू नये. अनेक शाळांत आधीपासून आरएसपी म्हणजे रस्ता सुरक्षा दल, स्काऊट-गाईड, एनसीसी आहे. रस्त्यावर वाहतूक नियंत्रण शिकणारी मुलं हेही शिकतील आणि आपापल्या वर्गाला शिकवतील. वर्षातून बारा तास, शारीरिक शिक्षणाच्या आणि शनिवारच्या तासांतून, एवढंच मागणं आहे. त्याशिवाय वर्षातून दोनदा सगळी शाळा रिकामी करण्याचा सराव, पहिला आगाऊ सांगून, दुसरा न सांगता. घंटेपासून शेवटचं मूल मैदानावर येईपर्यंतचा वेळ मोजा, हजेरीपटावर नावं पुकारा. व्हीलचेअरवरच्या, कमी ऐकू येणाऱ्या, नीट न दिसणाऱ्या मुलांसोबत कोण निघणार हे आधीच नेमून ठेवा. बहुतेक सरावांत हीच मुलं वर्गात राहून जातात, म्हणून हे आवर्जून लिहितो.

अग्निशमन दलातल्या आणि दलातून निवृत्त झालेल्या जवानांनो, तुम्हाला वेगळी विनंती. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात तुम्ही शाळांत जाता, प्रात्यक्षिकं दाखवता, मुलं टाळ्या वाजवतात. यापुढे दाखवून थांबू नका. मुलांच्या हातांत नळी द्या, त्यांच्याकडून करून घ्या, चुकलं तर पुन्हा करायला लावा. आणि एप्रिलमध्ये शाळा परीक्षेत असतात, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्येही या. देशातलं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरात १९५७ पासून आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ आहे. जाणकार माणसांची या राज्यात वाण नाही. निवृत्त झालेल्या प्रत्येक जवानानं आपल्या गावातली एक शाळा धरली तरी किती वर्ग शिकून निघतील.

साखर कारखाने आणि एमआयडीसीतले कारखाने यांच्याकडे प्रशिक्षित माणसं आणि साधनं आहेत. त्यांनी पंचक्रोशीतल्या शाळांत आपले सुरक्षा अधिकारी पाठवावेत. गॅस एजन्सीच्या मेकॅनिकनं एक तास रेग्युलेटर आणि नळी दाखवावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी भाजणं, बुडणं, सर्पदंश यांवर बोलावं. गणेश मंडळांनी मांडव उभारल्यावर शेजारच्या शाळेच्या मुलांना बोलावून मांडवाच्या वाटा, वायरिंग, वाळूच्या बादल्या तपासून घ्याव्यात. मुलांच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि त्यांनी काढलेली चूक कार्यकर्ते लवकर मान्य करतात.

घरच्या वाट्याचंही सांगतो. नववीच्या प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यात एक काम द्या : आपल्या घराची आणि जिन्याची पाहणी. खिडकीच्या ग्रिलला उघडणारं दार आहे का, त्याची किल्ली कुठं टांगली आहे? जिन्यात चपलांचं कपाट, सायकली, जुना सोफा पडला आहे का? गच्चीचं दार कुलूपबंद आहे का? मीटरच्या खोलीत कुणी रद्दी साठवली आहे का? उंच इमारतीत आग लागल्यावर थांबण्याचा राखीव मजला कोणता, आणि त्यात कुणी सामान तर भरलेलं नाही ना? ती यादी मुलांनी सोसायटीच्या सचिवांना नेऊन द्यावी आणि सचिवांनी ती केराच्या टोपलीत न टाकता जिना मोकळा करावा. घरातल्या सगळ्यांनी बाहेर पडल्यावर कुठं जमायचं ती जागा एकदा ठरवून घ्या. ११२, १०१ आणि १०८ हे क्रमांक धाकट्या भावंडांनाही पाठ असू द्या. आणि आपला पूर्ण पत्ता, जवळची खूण धरून, घाबरलेल्या अवस्थेतही सांगता यावा म्हणून मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. अनेकदा फोन लागतो, पण पत्ता नीट सांगता येत नाही आणि बंब फिरत राहतो.

शासनाकडेही मागणं आहेच. नववीच्या शारीरिक शिक्षणात हे बारा तास अनिवार्य करावेत, त्यासाठी वेगळा प्रात्यक्षिक शेरा प्रगतिपुस्तकात यावा, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं कोणत्या शाळेत कोणता प्रशिक्षक कधी जाणार याचं वेळापत्रक जाहीर करावं. पण शासननिर्णयाची वाट पाहत बसू नका. शाळा व्यवस्थापन समितीला आणि पालक-शिक्षक संघाला हा ठराव करायला कुणाची परवानगी लागत नाही.

तेव्हा एवढं करा. आपल्या मुलाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एका पानाचं पत्र लिहा आणि त्यात तीन गोष्टी विचारा : गेल्या वर्षी शाळा रिकामी करण्याचा सराव किती वेळा झाला, फॉर्म बी कुठं पाहायला मिळेल, आणि नववीला हे प्रशिक्षण कधीपासून सुरू होईल. त्या पत्रावर आणखी चार पालकांच्या सह्या घ्या. मग जवळच्या अग्निशमन केंद्रावर स्वतः जा आणि शाळेसाठी तारीख मागा. त्यासाठी १०१ ला फोन करू नका, तो क्रमांक ज्याचं घर पेटलं आहे त्याच्यासाठी मोकळा राहू द्या. लेखी अर्ज द्या, आणि त्याची पोच घेऊनच परत या.